कुटुंबाच्या एसयूव्हीसाठी बदली बॅटरी: नेहमीची, ईएफबी की एजीएम?

मधली_रांग (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या सात आसनी डिझेल एसयूव्हीची मूळ बॅटरी आता पाच वर्षांची होत आली आहे. गेल्या दोन आठवड्यांपासून सकाळी सेल्फ मारला की इंजिन रेंगाळत फिरते आणि मग कसेबसे सुरू होते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होण्याची सोय (स्टार्ट-स्टॉप) तर कित्येक महिन्यांपासून चालतच नाही. ती बिघडली असावी अशी समजूत करून घेऊन मी तिच्याकडे दुर्लक्ष केले होते.

जुन्या बॅटरीवरील पट्टीवर ईएफबी (नेहमीच्या बॅटरीची अधिक टिकाऊ आवृत्ती), १२ व्होल्ट, ७० अँपिअर-तास आणि ७६० अँपिअर (ईएन, म्हणजे युरोपीय मानकानुसार) असे लिहिलेले आहे. माझ्यासमोर तीन पर्याय ठेवण्यात आले आहेत. पहिला, त्याच आकाराची नेहमीची बॅटरी, ७४ अँपिअर-तास आणि ६८० अँपिअर. दुसरा, जशी होती तशीच ईएफबी. आणि तिसरा, ७० अँपिअर-तास व ७६० अँपिअरची एजीएम, म्हणजे आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेली बॅटरी. ‘७४ हा आकडा ७०पेक्षा मोठा आहे, म्हणजे बॅटरी दमदार’ असे विकणाऱ्याचे म्हणणे पडले आणि तिथेच माझा गोंधळ सुरू झाला.

गाडीचा वापर असा आहे: आठवड्यातील पाच दिवस सकाळ-संध्याकाळ चार-चार किलोमीटर, महिन्यातून एखाद-दोनदा सगळे कुटुंब आणि सामान घेऊन लांबचा प्रवास. डॅशकॅम गाडी उभी असतानाही चालू असतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना_पाना

बॅटरी कोणती घ्यावी हा दुसरा प्रश्न झाला. दोष बॅटरीचाच आहे का, हा पहिला. माझ्याकडे एकदा एक गाडी आली होती, तिच्यात दीड वर्षात तिसरी नवी बॅटरी बसवून झाली होती आणि तरीही सेल्फ रडत होता. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची वेणी आतून कुजली होती. बाहेरून तिच्यावर काळे वेष्टन शाबूत असल्यामुळे ती कुणी उघडून पाहिलीच नव्हती.

म्हणून एक साधा मल्टिमीटर घ्या आणि चार मोजमापे करा. गाडी रात्रभर कुलूपबंद ठेवून सकाळी, काहीही चालू करण्यापूर्वी, बॅटरीचा व्होल्टेज पाहा. नेहमीची किंवा ईएफबी बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तो १२.६ ते १२.७ दिसतो, १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. एजीएम असेल तर भरलेल्या अवस्थेत हा आकडा १२.८च्या पुढे असतो. गाडी नुकतीच बंद करून मोजलेला आकडा फसवा असतो, कारण प्लेटच्या पृष्ठभागावर तात्पुरता चढलेला चार्ज उतरायला काही तास लागतात.

दुसरे मोजमाप सेल्फ फिरत असताना घ्या. उबदार हवामानात चांगली, भरलेली बॅटरी सहसा १० व्होल्टच्या खाली जात नाही, ९.६च्या खाली गेली तर तिच्याकडे संशयाने पाहावे. तिसरे, इंजिन चालू असताना व्होल्टेज १४च्या आसपास आहे का हे पाहा. मात्र नव्या गाड्यांत संगणक अल्टरनेटरला (इंजिनावर चालून बॅटरी भरणाऱ्या जनित्राला) सोयीनुसार वर-खाली करतो, त्यामुळे क्षणभर १२.८ दिसला म्हणून अल्टरनेटरला दोष देऊ नका. चौथे, सेल्फ फिरत असताना मीटरची एक काडी बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर बॅटरी बदलून काही होणार नाही, अर्थिंग दुरुस्त करावे लागेल.

बंद पडलेल्या स्टार्ट-स्टॉपविषयी एवढेच सांगतो की ती सोय बहुधा बिघडलेली नाही. बॅटरीत पुरेसा जोर उरलेला नाही हे गाडीच्या संगणकाला तुमच्या आधी कळले आणि त्याने ती सोय काढून घेतली.

काटकसर

मला एक कळत नाही. ज्याला स्टार्ट-स्टॉप नकोच आहे, त्याने ईएफबीचा जादा खर्च का करावा? मी माझ्या गाडीत नेहमीची बॅटरी बसवली आहे आणि गाडी सुरू केली की पहिल्यांदा ती सोय बंद करण्याचे बटण दाबतो. बटण दाबले की गाडी जुन्या पद्धतीची झाली, असा माझा हिशोब आहे.

ओहमचा_नियम

काटकसर यांचा हिशोब बऱ्याच जणांचा असतो, म्हणून त्याचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

बॅटरी नेहमीची असो, ईएफबी असो वा एजीएम, आतले रसायन एकच आहे: शिसे, शिशाचा डायऑक्साइड आणि गंधकाम्ल. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये जी बॅटरी तयार केली, तिचेच हे वंशज. प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्टचा आणि असे सहा कप्पे एकापुढे एक, हेही तिन्हींत सारखेच. फरक आहे तो प्लेटवरचा लेप जागच्या जागी टिकवण्याच्या तजविजीत. बॅटरी उतरते तेव्हा प्लेटवर शिशाचे सल्फेट जमते, चार्ज होते तेव्हा ते पुन्हा विरघळते. या प्रत्येक फेऱ्यात लेप किंचित फुगतो, आकसतो आणि हळूहळू सुटून खाली गळतो. नेहमीची बॅटरी अशी कल्पना करून बनवलेली असते की सेल्फसाठी क्षणभर मोठा प्रवाह द्यायचा आणि मग उरलेला सारा वेळ जवळपास पूर्ण भरलेल्या अवस्थेत राहायचे. ईएफबीमध्ये लेप अधिक घट्ट असतो, त्यावर बहुधा तंतूंची जाळी असते आणि लेपात कार्बनसारखे घटक मिसळलेले असतात, त्यामुळे ती अर्धवट भरलेल्या अवस्थेत चार्ज आणि डिस्चार्जचे पुष्कळ फेरे सोसते. एजीएममध्ये आम्ल मोकळे नसतेच. काचतंतूंच्या बारीक चटईत ते शोषलेले असते आणि ती चटई प्लेटवर दाबून बसवलेली असते, त्यामुळे लेप गळायला जागाच उरत नाही.

आता बटणाकडे येऊ. स्टार्ट-स्टॉप असलेल्या पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटर बॅटरी मुद्दामच पूर्ण भरत नाही. ती साधारण ८० टक्क्यांवर ठेवली जाते, म्हणजे उतारावर किंवा ब्रेक लावताना फुकट मिळणारी ऊर्जा साठवायला तिच्यात जागा शिल्लक राहते. आपण बटण दाबल्याने इंजिन सिग्नलला बंद होण्याचे थांबते, पण चार्जिंगची ही पद्धत बदलत नाही. नेहमीची बॅटरी वर्षानुवर्षे अशी अर्धपोटी राहिली की तिच्यावरील सल्फेट कठीण स्फटिकरूप घेते आणि मग ते चार्जरनेही विरघळत नाही. तिच्या मरणाचे हे अगदी नेहमीचे कारण आहे, आणि बटण त्यावर उपाय नाही.

त्यामुळे नियम सोपा ठेवावा: गाडीत मुळात एजीएम असेल तर एजीएमच घ्यावी, ईएफबी असेल तर ईएफबी किंवा एजीएम, नेहमीची असेल तर तिन्हींपैकी कोणतीही चालेल. पायरी चढता येते, उतरू नये.

काटकसर

आता प्रामाणिकपणे सांगायला हवे की माझी ती बॅटरी अठराव्या महिन्यात बसली. मी दोष थंडीला दिला होता.

जुना_पाना

थंडीवर नेहमीच आळ येतो. बॅटरीचे आयुष्य खाते ती उष्णता. साधारण ठोकताळा असा आहे की तापमान १० अंशांनी वाढले की आतली झीज दुप्पट वेगाने होते. उन्हाळाभर बोनेटखाली भाजून निघालेली बॅटरी पहिल्या गारठ्यात उघडी पडते, कारण गारठ्यात तिचा जोर कमी होतो आणि त्याच वेळी तेल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो.

रात्रपाळी

७४ आणि ७० या आकड्यांवर कुणीच बोलले नाही, आणि धागाकर्त्यांचा खरा गोंधळ तर तोच आहे.

अँपिअर-तास हा साठ्याचा आकडा आहे आणि तो सावकाश उपशावर मोजतात: ७० अँपिअर-तासांची बॅटरी २० तासांपर्यंत सलग ३.५ अँपिअरचा प्रवाह देते आणि शेवटी १०.५ व्होल्टवर येते. सेल्फला लागतो शेकडो अँपिअरचा प्रवाह, पण तो दोनच सेकंद. त्यासाठी दुसरा आकडा पाहावा, सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँपिअर), म्हणजे तुमच्या पट्टीवरचा ७६०. म्हणजे उणे १८ अंश सेल्सिअसला बॅटरी किती प्रवाह देऊ शकते. आपल्याकडे तेवढी थंडी कधी पडतच नाही, मग हा आकडा कशाला, असे विचारले जाते. त्याचे उत्तर असे की तो बॅटरीच्या अंतर्गत रोधाचे माप म्हणून वाचावा. आज जास्त असलेला सीसीए म्हणजे चार वर्षांनी झिजल्यावरही हाताशी उरणारी शिल्लक. डिझेल इंजिनाचे कॉम्प्रेशन पेट्रोलपेक्षा बरेच जास्त असते, त्यामुळे आपल्या बाबतीत हा आकडा अधिक महत्त्वाचा. म्हणून तुमच्यासमोरची ७४ची बॅटरी साठ्यात चार अँपिअर-तासांनी वरचढ असली, तरी जोरात ती ८० अँपिअरने कमी आहे.

तुलना करताना मात्र आकड्यापुढचे मानक पाहायला विसरू नका. एसएई (अमेरिकी) आणि ईएन (युरोपीय) यांच्या पद्धती वेगळ्या आहेत तरी आकडे जवळपास येतात. जुन्या डिन (जर्मन) पद्धतीचा आकडा त्याच बॅटरीसाठी ईएनच्या साधारण ६० टक्केच येतो. एकाचा डिन आणि दुसऱ्याचा ईएन शेजारी ठेवून कुणी ‘बघा, दुप्पट जोर’ म्हणू लागला तर हसून पुढे जावे.

जपानी पद्धतीच्या खुणा असलेल्या बॅटरीत तर फसगत आणखी सोपी आहे. ‘८० डी २६ एल’ यातील ८० हे अँपिअर-तास नाहीत, तो कामगिरीचा एक निर्देशांक आहे आणि प्रत्यक्ष साठा त्याहून कमी असतो. डी हा रुंदी-उंचीचा वर्ग, २६ म्हणजे लांबी सुमारे २६ सेंटीमीटर, आणि एल म्हणजे टोकांची मांडणी. दोन्ही टोके आपल्या बाजूला येतील अशी बॅटरी समोर ठेवली तर एल प्रकारात धन टोक उजव्या हाताला येते. एल म्हणजे डावीकडे, असे समजून उलट मांडणीची बॅटरी घरी आणलेले लोक मी पाहिले आहेत; केबल पोहोचत नाही, आणि ओढून पोहोचवली तर ती कुठेतरी घासत राहते.

ओहमचा_नियम

मापांचा विषय निघालाच आहे तर उंचीकडे विशेष लक्ष द्यावे. युरोपीय पद्धतीच्या ७० अँपिअर-तासांच्या बॅटरीचे नेहमीचे माप २७८ × १७५ × १९० मिलिमीटर असते, पण त्याच लांबी-रुंदीची १७५ मिलिमीटर उंचीची बुटकी आवृत्तीही मिळते. या पद्धतीच्या बॅटऱ्या बहुतेक वेळा तळाच्या कडेला पकडणाऱ्या पट्टीने आवळतात, जपानी पद्धतीच्या वरून आडव्या पट्टीने. माप चुकले की पट्टी नीट बसत नाही आणि सैल राहिलेली बॅटरी खडबडीत रस्त्यावर आतून खिळखिळी होते. उंच बॅटरीचे धन टोक बोनेटच्या पत्र्याला टेकले तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

टोकांची जाडीही पाहा. युरोपीय टोके जाड असतात, अनेक जपानी बॅटऱ्यांची बारीक. आणि दोन्हींत धन टोक ऋण टोकापेक्षा जाड असते. बारीक टोकावर जाड चिमटा घट्ट बसावा म्हणून पत्र्याचा तुकडा कोंबणे हा उपाय नव्हे.

मधली_रांग

सर्वांचे आभार. जुना_पाना यांनी सांगितल्याप्रमाणे मोजमापे केली. रात्रभरानंतर १२.२१ व्होल्ट. सेल्फ फिरताना ८.९. इंजिन चालू असताना १४.३. अर्थिंगवर ०.१, म्हणजे वेणी ठीक दिसते. मग चार्जर लावून बॅटरी पूर्ण भरली, एक रात्र जाऊ दिली आणि पुन्हा सेल्फ मारला, तरी व्होल्टेज ९.२च्या वर टिकला नाही. बॅटरी थकली आहे हे मला मान्य आहे.

मात्र एक नवी गोष्ट हाती लागली. डीसी क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारा) मागून आणला होता. गाडी कुलूपबंद करून पाऊण तास थांबल्यावर डॅशकॅम काढलेला असताना ४० मिलिअँपिअर जात होते आणि डॅशकॅम लावल्यावर ३४०. हे जास्त आहे का?

रात्रपाळी

चाळीस हे योग्यच आहे. ५०च्या आतले सहसा चालते. (बोनेट उघडे ठेवून मोजणाऱ्यांनी त्याची कडी पेचकसाने बंद स्थितीत सरकवून ठेवावी, नाहीतर गाडीची यंत्रणा झोपी जात नाही आणि आकडा भलताच येतो.) चोर आहे तो डॅशकॅम.

हिशोब मांडू. गाडी दिवसातून २० तासांहून अधिक उभी असते असे धरले तर ०.३४ गुणिले २० म्हणजे जवळपास ७ अँपिअर-तास रोज जातात. त्याउलट सेल्फचा खर्च पाहा: २०० अँपिअर दोन सेकंद म्हणजे अवघा ०.१ अँपिअर-तास. आपण सगळे सेल्फलाच खादाड समजतो, पण दिवसभराच्या हिशोबात तो किरकोळ आहे. आता जमेची बाजू: चार किलोमीटरच्या दोन फेऱ्या म्हणजे इंजिन चालू राहण्याची फार तर वीस मिनिटे. त्यात बॅटरीला सरासरी १५ अँपिअर मिळाले असे उदारपणे धरले तरी ५ अँपिअर-तास. रोज दोनाची तूट, आणि ती शुक्रवारपर्यंत साचत जाते. या वापरात कोणतीही बॅटरी बसवलीत तरी ती अकाली जाईल.

मधली_रांग

म्हणजे उशा-पायथ्याशी बसलेला चोर मीच पाळला होता. मग अशा वापरासाठी एजीएम घेणे शहाणपणाचे नाही का? ती खोल उतरणे जास्त सोसते असे वाचले आहे.

ओहमचा_नियम

सोसते, हे खरे आहे, आणि माझे मत एजीएमकडे झुकते. तुमच्यासारख्या, लांब प्रवास क्वचित आणि उभ्या गाडीत उपसा जास्त, अशा वापराला तिचा फायदा होईल. ती चार्ज पटकन स्वीकारते, म्हणजे वीस मिनिटांतही थोडी अधिक भरते. मात्र गाडीच्या संगणकात बॅटरीचा प्रकार ईएफबी असा नोंदलेला असेल तर तो बदलून घ्यावा लागेल, कारण एजीएमला जास्त व्होल्टेज मानवत नाही. आतले पाणी वायुरूपाने गेले तर ते परत भरण्याची सोय नसते.

जुना_पाना

माझे मत वेगळे आहे. त्यांच्या गाडीत बॅटरी बोनेटखाली, इंजिनाच्या कुशीत आहे. एजीएमला उष्णता विशेष बाधते. म्हणूनच अनेक गाड्यांत ती आसनाखाली किंवा डिकीत ठेवलेली आढळते. आत बसवलेल्या बॅटरीला वायू बाहेर नेणारी नळी असते आणि बदलताना ती जोडायला विसरायचे नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो. गळके भांडे मोठे केल्याने गळती थांबत नाही. डॅशकॅमला आवर घाला आणि मूळची ईएफबीच बसवा. ज्यांच्या गाडीत डिकीत फ्रिज, जादा दिवे आणि मुक्कामी सहली आहेत त्यांनी एजीएमचा विचार जरूर करावा.

आणखी दोन गोष्टी. विकत घेताना उत्पादनाची तारीख पाहा. सहा महिन्यांहून जुना माल घेऊ नका, आणि दुकानातच मीटर लावून १२.५पेक्षा कमी दिसला तर दुसरी मागा. हमीपत्र वाचताना पूर्ण बदलून मिळण्याचा काळ किती आणि त्यानंतर अंशतः सवलतीचा काळ किती हे वेगवेगळे विचारा, कारण जाहिरातीत बहुधा दोन्हींची बेरीज असते.

रात्रपाळी

बसवण्याविषयी थोडक्यात. काढताना आधी ऋण टोक, मग धन. लावताना आधी धन, मग ऋण. ऋण चिमट्यावर एक छोटी डबी दिसेल, तो बॅटरीवर लक्ष ठेवणारा सेन्सर आहे; त्यावर हातोडी किंवा पक्कड चालवू नका. डॅशकॅमची किंवा चार्जरची ऋण तार त्या टोकावर थेट न जोडता बॉडीवरच्या अर्थिंगला जोडा, नाहीतर तो प्रवाह सेन्सरच्या मोजणीतून सुटतो आणि बॅटरी किती भरली आहे याचा गाडीचा अंदाज चुकत जातो. अनेक गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने करावी लागते. ती केली नाही तर संगणक नव्या बॅटरीलाही जुनीच समजून वागवत राहतो.

काटकसर

एक शेवटची शंका. मोठ्या अँपिअर-तासांच्या बॅटरीने अल्टरनेटर जळतो असे सगळीकडे ऐकू येते. ते खरे आहे का?

ओहमचा_नियम

नाही. दहा-पंधरा टक्क्यांच्या फरकाने अल्टरनेटरला काही होत नाही. सेल्फही त्याला हवा तेवढाच प्रवाह खेचतो. अल्टरनेटरवर खरा ताण येतो तो पार उतरलेली बॅटरी जंप स्टार्ट करून लगेच सगळे दिवे आणि वातानुकूलन लावून निघाल्यावर. अशी बॅटरी चार्जरने भरावी; ते काम अल्टरनेटरवर सोपवू नये.

मधली_रांग

तीन महिन्यांनी परत येऊन कळवतो आहे.

ईएफबीच घेतली, ७० अँपिअर-तास, ७६० अँपिअर. पहिली दाखवली ती नऊ महिन्यांपूर्वीची होती आणि मीटरवर १२.४१ दिसत होती. ती परत केली आणि दोन महिन्यांपूर्वीची घेतली. जुनी बॅटरी तिथेच जमा केली. उष्णतेपासून बचावासाठी जुन्या बॅटरीभोवती जे आवरण होते ते बसवणारा फेकून देणार होता, ते मागून घेतले आणि पुन्हा चढवले. नोंद स्कॅनरने करून घेतली. डॅशकॅमला १२.४ व्होल्टवर आपोआप बंद करणारे उपकरण लावले आहे, आणि महिन्यातून एका रात्री गाडीला चार्जर लावतो.

स्टार्ट-स्टॉप तिसऱ्या दिवशी आपसूक सुरू झाले. सिग्नलला इंजिन बंद पडले तेव्हा मागच्या रांगेतून ‘गाडी पुन्हा गेली’ असा ओरडा झाला. काल रात्रभर उभ्या गाडीत मोजले तेव्हा १२.५२ होते. चालकाच्या बाजूची काच मात्र अजून एका झटक्यात वर जात नाही. बॅटरी काढल्यावर तिची स्मृती पुसली जाते आणि बटण काही सेकंद धरून ठेवावे लागते, असे गाडीच्या पुस्तिकेत आहे. ते आज करतो.